यलोनाइफचे पाच दिवस आणि जमिनीखाली गोठवलेला सोमल

पहिला दिवस

मार्चमध्ये आमच्या ईशानला शाळेला सुट्टी होती आणि कॅल्गरीतले आमचे जवळजवळ सगळे मित्र ऊन शोधायला मेक्सिकोला चालले होते, आम्ही मात्र अजून उत्तरेला, अजून थंडीत गेलो. कॅनडाच्या उत्तरेतल्या यलोनाइफला. बहुतेक लोक इथे ऑरोरा, म्हणजे रात्रीच्या आकाशात नाचणारा रंगीत उजेड, बघायला येतात, तो आम्हालाही बघायचा होताच, पण मला खरी ओढ होती तिथल्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीची, जायंट माईनची.

त्याचं कारण आधी सांगते. माझं माहेर कोल्हापूरचं, बाबा गुजरीत सोन्याची घडाई करायचे. दुकान म्हणजे एक बैठक, एक छोटी भट्टी, फुंकणी, चिमटे आणि कोपऱ्यात तेजाबाच्या बाटल्या, ज्यांना आम्ही पोरांनी हात लावायचा नाही. अधूनमधून झारेकरी यायचा आणि दुकानातला केर, भट्टीतली राख, झिजलेलं पायपुसणं सुद्धा विकत घेऊन जायचा, ते सगळं धुवून त्यातून सोन्याचे कण काढायचा. म्हणजे सोन्याच्या कामातली धूळ कोणी टाकत नसतं, तिलाही गिऱ्हाईक असतं, हे मी लहानपणापासून बघत आलेय. आणि कॅनडात आल्यावर कधीतरी वाचलं की इथे उत्तरेत एका सोन्याच्या खाणीने २,३७,००० टन सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची विषारी धूळ मागे ठेवलीय, ती कोणालाच नकोय, आणि ती जागची हलू नये म्हणून तिच्या भोवतीची जमीनच गोठवून टाकायचं काम चालू आहे. तेव्हापासून ते डोक्यातून जातच नव्हतं.

फ्लाईट दोन-सव्वादोन तासांची. शेवटचा तासभर खाली फक्त पांढरं, मधेमधे झाडांचे काळे ठिपके आणि गोठलेली तळी, इतकी तळी की जमीन जास्त की पाणी जास्त ते कळेना. विमानतळ लहान आहे, बॅगा येतात त्या पट्ट्याच्या मधोमध पेंढा भरलेलं खरं ध्रुवीय अस्वल उभं आहे, ईशान तिथून हलायलाच तयार नव्हता. बाहेर उणे २४. श्वास घेतला की नाकातले केस कडक होतात, हे कॅल्गरीत पण होतं पण इथे पहिल्याच श्वासाला झालं.

रात्री ढग होते म्हणून ऑरोरा नाही. रूमवर बरोबर आणलेले धपाटे, लसणाची चटणी आणि चहा, आणि झोप.

दुसरा दिवस

सकाळी म्युझियम, प्रिन्स ऑफ वेल्स नॉर्दर्न हेरिटेज सेंटर, शहराच्या मधल्या फ्रेम लेकच्या काठावर आहे. छान आहे, मुलांना घेऊन दोन तास आरामात जातात. पण त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण दिवस लक्षात राहिला तो दुपारमुळे.

दुपारी ओल्ड टाऊन. हे शहर वसलंच मुळात सोन्यामुळे, १९३० च्या दशकात इथे सोनं सापडलं आणि एका खडकाळ टोकावर तंबू, झोपड्या, विमानांचा धक्का असं करत गाव उभं राहिलं. आज सगळं मिळून वीस हजारांच्या आसपास लोक. त्या खडकावर चढून गेलं की बुश पायलट, म्हणजे दुर्गम भागात छोटी विमानं उडवणाऱ्या लोकांचं स्मारक आहे, लाकडी जिन्याने वर जायचं. वरून गोठलेली खाडी दिसते, ग्रेट स्लेव्ह लेकचा एक फाटा आहे तो, त्या बर्फात अडकून बसलेल्या रंगीबेरंगी हाऊसबोटी, लाल, पिवळ्या, निळ्या, त्यांच्या धुराड्यातून धूर येतोय आणि लोक घरापर्यंत चक्क गाडी घेऊन जातायत बर्फावरून. हे सरोवर ६१४ मीटर खोल आहे, उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात खोल. आणि उत्तरेकडे खाडीच्या पलीकडच्या काठाला एक बोडका पट्टा दिसतो, तीच खाण. मला वाटलं होतं ती शहरापासून लांब कुठेतरी असेल. नाही हो, अगदी समोर. शहराच्या हद्दीतच आहे.

खाली उतरून लेथम आयलंडच्या बाजूला चालत गेलो. ईशानने वाटेत मूठभर ताजा बर्फ उचलला आणि तोंडाकडे नेला, कॅल्गरीत घराच्या मागे तो नेहमीच खातो, मी कधी अडवत नाही. इथे मी त्याचा हात असा काही झटकला की तो रडवेला झाला आणि माझा नवरा अमित माझ्याकडे बघत राहिला.

मग तिथेच उभं राहून दोघांना सांगितलं. १९५१ साली ह्याच बेटावर दोन वर्षांचा एक देने मुलगा आर्सेनिकच्या विषबाधेने गेला. देने म्हणजे इथले मूळचे लोक, त्यांची वस्ती बेटाच्या टोकाला आहे, तिला एन्डिलो म्हणतात. तेव्हा तिथे हिवाळ्यात पाणी म्हणजे बर्फ वितळवूनच. आणि त्या बर्फावर समोरच्या खाणीच्या धुराड्यातून निघालेला सोमल बसत होता. सोमलाला वास नाही, चव नाही, रंग बर्फासारखाच पांढरा. आईने बर्फ वितळवला आणि पाजला. कंपनीने त्या घराला ७५० डॉलर दिले.

ईशानने हातमोजे झटकले आणि काही बोलला नाही. मला नंतर वाईट वाटलं की आपण नऊ वर्षांच्या पोराला नको ते सांगितलं का. आता त्या बर्फात तसं काही नाही, धुराडं बंद होऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली, पण हात आपोआपच गेला.

संध्याकाळी हॉटेलच्या नळाचं पाणी पिताना पण तेच मनात. तर त्याचीही गोष्ट आहे, शहर आपलं पिण्याचं पाणी समोरच्या खाडीतून घेत नाही, १९६० च्या दशकाच्या शेवटी यलोनाइफ नदीपासून साधारण ८ किलोमीटरचा पाईप पाण्याखालून टाकला आणि तिथून पाणी आणलं. कारण हेच, आर्सेनिकची भीती. म्हणजे शहराच्या नळांसाठी पाईप आला. खाडीतून बादलीने पाणी काढणाऱ्यांनी काय केलं असेल त्याचा विचार करत बसले.

तिसरा दिवस

आज खाण. आत जाता येत नाही, काम चालू आहे आणि कुंपण आहे, पण शेजारून रस्ता जातो, इंग्रॅहम ट्रेल. एका टूरवाल्याची गाडी ठरवली होती, ड्रायव्हर सत्तरीचे एक काका. मी फोनवर सांगितलं होतं की आम्हाला स्लेज वगैरे नको, जायंट माईनबद्दल सांगणारा माणूस पाहिजे, तर ते म्हणाले की मीच येतो, मी १९८० च्या दशकात तिथे कामाला होतो.

जुना रस्ता खाणीच्या मधूनच जायचा, आता वळसा घालून नवीन काढलाय. काकांनी उंचावर गाडी थांबवली. समोर बर्फाने भरलेले उघड्या खाणींचे मोठे खड्डे, काही शेड, यंत्रं, ट्रक, आणि बऱ्याच ठिकाणी नुसती सपाट मोकळी जागा, कारण जिथे दगड भाजायचे तो सगळा रोस्टर दहा-बारा वर्षांपूर्वीच पाडून टाकला. दिसायला खरं तर काहीच नाही. अमित म्हणाला सुद्धा, हे बघायला आलो होय. पण काका बोलायला लागले आणि मग आम्ही तिथे गाडीत हीटर लावून जवळजवळ दोन तास बसलो.

जायंट माईन १९४८ ला सुरू झाली. इथलं सोनं मोकळं नाही, ते आर्सेनोपायराइट नावाच्या खनिजात अडकलेलं असतं, लोखंड, गंधक आणि आर्सेनिक एकत्र. नुसतं दळून धुवून ते सुटत नाही, म्हणून दगड भाजायचा. भाजला की गंधक आणि आर्सेनिक वाफ होऊन निघून जातं, सोनं मागे मोकळं होतं. ती आर्सेनिकची वाफ थंड झाली की पांढरी भुकटी होते, आर्सेनिक ट्रायऑक्साइड. म्हणजे आपला सोमल, जो आपल्याकडे जुन्या गोष्टींमध्ये दुधात घालतात तोच.

पहिली दोन-अडीच वर्षं काहीच पकडत नव्हते, दिवसाला ७,४०० किलोपर्यंत ही भुकटी सरळ आकाशात. दिवसाला! मी काकांना दोनदा विचारलं. मग १९५१ मध्ये, ते मूल गेलं त्याच वर्षी, धूळ पकडायचं यंत्र बसलं, पुढे अजून चांगली गाळणी बसली, हवा बरीच सुधारली. पण पकडलेल्या धुळीचं करायचं काय. ती विकत घेणारं गिऱ्हाईक पुरेसं नाही. तेव्हा ती पाईपमधून हवेच्या दाबाने जमिनीखाली पाठवली, खाणीतल्या रिकाम्या पोकळ्यांमध्ये आणि खास त्यासाठी खडकात खोदलेल्या कप्प्यांमध्ये. असे १४-१५ कप्पे. त्यावेळचा हिशोब असा की इथली जमीन मुळात बऱ्याच ठिकाणी बारमाही गोठलेली, पर्माफ्रॉस्ट, म्हणजे निसर्गाने दिलेली बर्फाची पेटीच आहे, धूळ आत टाकायची आणि विसरून जायचं.

आणि तसंच केलं, १९५१ पासून १९९९ पर्यंत. काका म्हणाले की आम्हाला कामगारांना माहीत होतं खाली काय जातंय, पण ते खाली जातंय म्हणजे गेलं असंच वाटायचं. हे सांगताना ते माझ्याकडे न बघता समोर बघत होते.

पण खाण म्हणजे खोदकाम. बोगदे, त्यातून खेळणारी गरम हवा, वरून उघडे खड्डे, माणसं, यंत्रं. ह्या सगळ्याने ती गोठलेली जमीनच वितळली, म्हणजे ज्या पेटीच्या भरवशावर टाकलं ती पेटी त्यांनी स्वतःच उघडली. आणि ही भुकटी पाण्यात विरघळते. खडकाच्या भेगांतून पाणी झिरपत येतं, कप्प्यांना लागतं, सोमल घेऊन खाली जातं. म्हणून आज खाणीतलं पाणी सतत उपसावं लागतं, स्वच्छ करावं लागतं आणि मग बेकर क्रीकला सोडतात, तो ओढा इथूनच वाहतो आणि खाडीला मिळतो. पंप कायमचे बंद झाले तर खाण भरेल आणि ते पाणी सरोवरात जाईल. ती सगळी धूळ एकत्र केली तर अकरा मजल्यांच्या सात बिल्डिंग भरतील असं सांगतात.

१९९९ मध्ये मालक कंपनीचं दिवाळं निघालं आणि हे सगळं सरकारच्या, म्हणजे लोकांच्या गळ्यात आलं. थोडं खोदकाम २००४ पर्यंत चाललं, मग बंद. मधल्या काळात, १९९२ च्या संपात, खाणीत स्फोट घडवून आणला गेला आणि नऊ कामगार मेले, त्याबद्दल काका जास्त बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

आता गोठवण्याचं. मला वाटत होतं मोठमोठे कॉम्प्रेसर असतील, आईस फॅक्टरीसारखे, विजेचं केवढं बिल. पण इथे जे वापरतायत त्याला वीजच लागत नाही. थर्मोसायफन म्हणतात. कप्प्यांच्या भोवती जमिनीत खोल भोकं पाडायची आणि प्रत्येकात एक बंद लांब पाईप सोडायचा, पाईपमध्ये दाबाखाली भरलेला कार्बन डायऑक्साइड, वरचं टोक जमिनीच्या वर हवेत, त्याला रेडिएटरसारख्या पात्या. रस्त्यावरून ते नीट दिसले नाहीत, काकांनी फोनमध्ये फोटो दाखवले, बर्फात उभ्या पाईपांची रांग. आतलं काम कसं चालतं ते मी ईशानला असं समजावलं, की आपण पातेल्यात डाळ शिजवतो तेव्हा वाफ वर जाते, झाकणाला लागून थंड होते आणि थेंब होऊन परत खाली पडते, बरोबर? इथे चूल म्हणजे जमीन. जमीन आपल्याला थंड वाटली तरी हिवाळ्यातल्या हवेपेक्षा ती गरमच. त्या उबेने पाईपच्या तळाचा पातळ कार्बन डायऑक्साइड उकळतो, वायू होऊन वर जातो, वर उणे तीसची हवा पात्यांना लागते, तो परत पातळ होतो आणि पाईपच्या आतल्या भिंतीवरून खाली ओघळतो. प्रत्येक फेरीत जमिनीची थोडी ऊब वर आणून हवेत सोडतो. मोटर नाही, पंप नाही. पूर्ण हिवाळा चालत राहतं. उन्हाळ्यात हवा जमिनीपेक्षा गरम झाली की वायू वरच राहतो आणि काम आपोआप थांबतं, ऊब उलटी खाली जात नाही. असे हिवाळ्यामागून हिवाळे गेले की कप्प्यांच्या भोवतालचा खडक गोठतो, मग आतली धूळही गोठते. गोठलेल्या खडकातून पाणी जात नाही.

मी इंजिनियर नाही पण हे ऐकून खरंच भारावून गेले. ज्या थंडीला आपण शिव्या घालतो तीच पहारेकरी.

आधी एका कप्प्यावर २०११ पासून चाचणी घेतली, जमतंय हे दिसलं. पूर्ण कामाला २०२१ मध्ये सुरुवात झाली आणि ते २०३८ पर्यंत चालेल असा अंदाज आहे. खर्चाचा आकडा आधी एक अब्जाच्या आसपास सांगायचे, २०२२ मध्ये तो ४३८ कोटी कॅनेडियन डॉलर झाला, त्यात जमिनीवरची दूषित माती, इमारती, खड्डे, पाण्याचा प्लांट सगळंच आलं.

मी विचारलं की उकरून काढून का टाकत नाहीत. काका म्हणाले, उकरणार कोण? कोरडी बारीक भुकटी, माणसाला धोका, वर आणली की वाऱ्याचा धोका, आणि नेणार कुठे, कुठलं गाव घेईल? सगळे पर्याय बघून झाल्यावर आहे तिथेच गोठवायचं ठरलं. पण गोठवणं म्हणजे संपवणं नाही हे तेही मानतात. सरकारचा पहिला प्लॅन "कायमचा" होता. त्यावर सुनावण्या झाल्या, देने लोक आणि शहरातले लोक येऊन बोलले, आणि २०१३ मध्ये पर्यावरण परीक्षण मंडळाने सांगितलं की कायमचं वगैरे काही नाही, जास्तीत जास्त १०० वर्षं, आणि त्या काळात ह्या धुळीचा कायमचा इलाज शोधायचा, संशोधनाला पैसे द्यायचे, आणि लक्ष ठेवायला सरकारबाहेरचं एक स्वतंत्र मंडळ पाहिजे. ते मंडळ आज आहे आणि त्या कायमच्या इलाजासाठी संशोधनही चालू आहे, धूळ काचेत वितळवून बंदिस्त करता येईल का वगैरे. मला सगळ्यात जास्त दिलासा ह्या गोष्टीचा वाटला, कारण "कायमचं" हा शब्द एकदा ह्याच जमिनीने ऐकलेला आहे, पर्माफ्रॉस्टच्या वेळी.

आणि तापमानवाढ? उत्तरेकडचा हा भाग बाकी जगाच्या मानाने जास्त वेगाने तापतोय. हिशोबात ते धरलंय, पाईप बदलता येतात, वाढवता येतात. पण त्यासाठी इथे माणूस पाहिजे. काका म्हणाले, २०२३ च्या ऑगस्टमध्ये जंगलाची आग जवळ आली आणि आख्खं शहर रिकामं करावं लागलं, तीन आठवडे इथे जवळजवळ कोणी नव्हतं, मी गाडीत बायको आणि कुत्रा घालून दक्षिणेला पळालो तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की शंभर वर्षं म्हणजे किती लांब आहे.

रात्री रूमवर मी कागद घेऊन हिशोब केला. जायंट माईनने आयुष्यभरात ७० लाख औंस सोनं काढलं, म्हणजे साधारण २१८ टन. मागे राहिलेला सोमल २,३७,००० टन. म्हणजे एक किलो सोन्यामागे हजार किलोच्या वर सोमल, एका तोळ्यामागे साडेबारा किलो. माझ्या हातात आजीच्या चार तोळ्यांच्या पाटल्या असतात, त्या कोल्हापूरच्या आहेत, ते सोनं इथलं नाही. तरी पन्नास किलो हा आकडा लिहिल्यावर मी त्या काढून बॅगेत ठेवल्या.

चौथा दिवस

आज आईस रोडने डेटा नावाच्या वस्तीला गेलो, साडेसहा किलोमीटर, सरळ गोठलेल्या खाडीवरून. रस्त्याने फिरून गेलं तर २७ किलोमीटर. बर्फ घासून इतका स्वच्छ केलेला असतो की खाली काळा-हिरवा बर्फ आणि त्यातल्या पांढऱ्या भेगा दिसतात, मधेच गाडीखाली बर्फ कडाडतो, तो आवाज चांगला असतो म्हणे, मजबूत बर्फ बोलतो. ईशान पूर्ण वेळ खिडकीला नाक लावून.

डेटा आणि एन्डिलो ह्या यलोनाइव्ह्ज देने लोकांच्या वस्त्या. तिथे बघण्यासारखं टुरिस्टी काही नाही आणि लोकांच्या घरांचे फोटो काढत फिरणं मला बरं वाटेना, म्हणून आम्ही काठावर गाडी लावून चहा प्यायलो. काका पण बरोबर होते, आज त्यांनी पैसे घेतले नाहीत. त्यांनी एक गोष्ट सांगितली जी देने लोक सांगतात. सोन्याच्या शोधात फिरणारे लोक पहिल्यांदा आले तेव्हा एका देने बाईकडे एक चमकणारा दगड होता, तिने बेरी वेचताना की असंच कधी उचललेला. त्या माणसाने तो बघितला, मागितला, आणि बदल्यात तिला चुलीच्या धुराड्याच्या तीन नळ्या दिल्या. थंडीत तंबूत चूल असलेल्या बाईला नळ्या कामाच्याच होत्या. पण त्या दगडाच्या मागे जे आलं!

जिथे आज खाण आहे तिथे बेकर क्रीकवर ते लोक मासे धरायचे, बेरी वेचायचे, मूस नावाच्या मोठ्या हरणाची शिकार करायचे. नंतर त्यांना सांगितलं गेलं की इथलं खाऊ नका, हे पाणी पिऊ नका. आजही शहराच्या आसपासच्या काही तळ्यांबद्दल सरकारी सूचना आहेत की इथलं पाणी पिऊ नका, मासे खाऊ नका. १९७० च्या दशकात सरकारी तपासण्यांवर विश्वास बसेना म्हणून मूळनिवासी संघटना आणि खाण कामगारांच्या युनियनने मिळून स्वतः लोकांच्या केसांचे नमुने तपासून घेतले, आर्सेनिक केसांत आणि नखांत साठतं म्हणून. कामगार आणि गाववाले एका बाजूला उभे राहिले हे मला फार मोलाचं वाटलं, कारण कारखान्याच्या भांडणात बहुतेक वेळा ते एकमेकांसमोर उभे असतात.

२०२१ मध्ये कॅनडा सरकार आणि यलोनाइव्ह्ज देने ह्यांच्यात करार झाले, सफाईच्या कामात त्यांना वाटा आणि निर्णयात जागा मिळावी, जे झालं त्याची माफी आणि भरपाई ह्यावर बोलणी पुढे जावीत, असे. सत्तर वर्षांनी. आणि त्यांच्यातली मोठी माणसं एक वेगळाच प्रश्न विचारतायत, की दोन-चारशे वर्षांनी इथे येणाऱ्याला कळणार कसं की खाली काय आहे? भाषा बदलतील, पाट्या गंजतील. म्हणून गोष्ट सांगत राहायची, पोरांना, त्यांनी त्यांच्या पोरांना. मी ईशानला परवा बेटावर जे सांगितलं त्याचं जे वाईट वाटत होतं ते हे ऐकल्यावर गेलं.

परत येताना खाडीवरच बांधलेला बर्फाचा किल्ला, दरवर्षी मार्चसाठी बर्फ आणि सरोवराच्या बर्फाच्या लाद्या कापून बांधतात, आत घसरगुंडी, भिंतीवर कोरीव काम. ईशानने घसरगुंडीवर किती फेऱ्या मारल्या मोजल्या नाहीत.

आणि रात्री ऑरोरा! साडेअकराला काकांनी फोन केला, बाहेर या. शहराबाहेर तळ्यावर उभे राहिलो, आधी एक फिकट पट्टा, ढगच वाटला, मग तो हलायला लागला, हिरवा झाला, खालची कड गुलाबी, आणि मग डोक्यावर सगळीकडे पडदे हलवल्यासारखं. अमितने कॅमेरा आणला होता तो खिशातच राहिला. उणे २९. ईशानला मी माझ्या जॅकेटमध्ये घेतला होता आणि त्याचं डोकं माझ्या हनुवटीखाली होतं. मनात सारखं येत होतं की ही थंडी आत्ता त्या पाईपांमधूनही खाली उतरत असेल.

पाचवा दिवस

सामान भरलं, काकांनी विमानतळावर सोडलं. निघताना अमितने त्यांना विचारलं की उन्हाळ्यात कसं असतं इथे, तर म्हणाले डास आणि रात्रभर उजेड, या.

बोर्डिंगला वेळ होता म्हणून कोल्हापूरला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती, बाबा जागेच होते. त्यांना ऑरोराचे फोटो पाठवले होते पण ते विचारत राहिले खाणीचंच. दगड किती तापवायचे, धूळ कशी पकडायचे. मग म्हणाले, "पण त्या धुळीत सोनं असणार की गं. एवढ्या टनात नाही म्हटलं तरी येणारच."

आणि ते खरं आहे. त्या धुळीत सोनं आहे, थोडं थोडं, आणि ते काढून खर्च भागवता येईल का ह्याचाही विचार सुरुवातीला झाला होता. पण त्यासाठी धूळ वर काढावी लागणार. म्हणून ते सोनंही सोमलाबरोबर तिथेच गोठणार.

बाबा जरा वेळ गप्प. पन्नास वर्षं सोन्याचा कण वाया जाऊ न देणारा माणूस, मला वाटलं हळहळतील. पण ते दुसरंच बोलले. "आपलं तेजाबाचं पाणी आपण मागच्या मोरीत ओतायचो," म्हणाले, "आण्णा पण तिथेच ओतायचे. केर आम्ही झारेकऱ्याला मोजून दिला. ती मोरी पुढे कुठं जाते ते कधी बघितलं नाही."

"जयंती नाल्याला जात असेल, बाबा," मी म्हटलं. "आणि नाला पंचगंगेला."

"हं," म्हणाले. "उद्या सकाळी जाऊन बघतो."